बी. एस्सी. दुसरे वर्ष: मेजर-मायनरची निवड, सकाळचा तास आणि गावाहून ये-जा यांचा मेळ कसा घालावा?

कुंभीकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, कोल्हापूर शहरातील एका महाविद्यालयात मी नुकतीच बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा दिली असून, जूनमध्ये दुसऱ्या वर्षाचा प्रवेश अर्ज भरायचा आहे. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र असे तीन विषय होते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यानुसार आता त्यांतील एक मेजर (मुख्य) आणि एक मायनर (जोडविषय) म्हणून ठरवायचा असून तिसरा विषय येथेच सुटणार आहे. संख्याशास्त्र मेजर घ्यायचे, हे माझे नक्की झाले आहे. मायनर म्हणून गणित घ्यावे की भौतिकशास्त्र, याबाबत मात्र मनाची तयारी होत नाही, कारण भौतिकशास्त्रात मला चांगले गुण आहेत आणि गणिताच्या पहिल्या सत्रातील कॅल्क्युलसच्या पेपरला एटीकेटी लागली आहे, म्हणजे तो पेपर राहिला असून पुन्हा द्यायचा आहे.

दुसरी अडचण वेळेची आहे. आमचे गाव गगनबावडा रस्त्यावर कळ्याच्या पुढे आहे. गावातील दूध संस्थेत मी सकाळच्या संकलनाला दुधाचे फॅट मोजण्याचे आणि पावत्या देण्याचे काम करतो. ते सहाला सुरू होऊन आठपर्यंत चालते. त्या पैशांतून माझा एसटीचा पास, पुस्तके आणि जर्नलचा खर्च निघतो, त्यामुळे ते काम सोडणे शक्य नाही. गेल्या वर्षीच्या दुसऱ्या वर्षाच्या वेळापत्रकात ओपन इलेक्टिव्हचे (दुसऱ्या शाखेतील निवडीच्या विषयाचे) तास सोमवारी आणि मंगळवारी सकाळी ७.४० ला होते आणि यंदाही तसेच राहील असे कार्यालयातून समजले. प्रात्यक्षिकांच्या दोन बॅच असतात. ‘अ’ बॅचची प्रात्यक्षिके सोमवारी व मंगळवारी दुपारी, तर ‘ब’ बॅचची गुरुवारी व शुक्रवारी दुपारी होतात. माझा क्रमांक ‘ब’मध्ये येतो.

ओपन इलेक्टिव्ह ‘स्वयम’ या सरकारी मंचावर ऑनलाइन करून सकाळचा प्रश्न सुटेल का? एटीकेटीचा अभ्यास कोणत्या सत्रात बसवावा? पुढे एम. एस्सी. करायची इच्छा आहे, तेव्हा चौथ्या वर्षाचा विचार आत्ताच करावा का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

तासिका_समिती

मी वरिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि बरीच वर्षे आमच्या महाविद्यालयाच्या वेळापत्रक समितीत आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, पण तुमचा प्रश्न नीट मांडलेला असल्याने तपशिलात जाणे सोयीचे होईल.

मायनरचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीच्या गोष्टी वर्षभरात थोड्याफार सरकवता येतात. ही निवड एकदा झाली की फिरवणे फार कठीण जाते. संख्याशास्त्र मेजर घेणाऱ्याने मायनर म्हणून गणितच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते केवळ परंपरेपोटी नाही. पहिल्या वर्षीच्या संख्याशास्त्रात मध्य, प्रमाण विचलन, सहसंबंध, संभाव्यतेचे प्राथमिक नियम असा भाग असतो आणि तो बारावीच्या गणितावर निभावून जातो. दुसऱ्या वर्षापासून सतत चलांची वितरणे सुरू होतात. दोन चलांचे संयुक्त घनता फल समोर आले की दुहेरी संकलन (इंटिग्रेशन) करावे लागते, चलांचे रूपांतर करताना जेकोबियन काढावा लागतो आणि बहुचल समाश्रयणाकडे (रिग्रेशन) वळलो की सारणींशिवाय (मॅट्रिक्स) एक पाऊलही टाकता येत नाही. या सगळ्या गोष्टी गणिताच्या तासाला शिकवल्या जातात. संख्याशास्त्राच्या तासाला त्या येतात असे गृहीत धरून शिक्षक पुढे जातो. भौतिकशास्त्रातील तुमचे गुण चांगले असतील, पण तो विषय मायनर घेतलात तर हे गणित तुम्हाला वेगळा वेळ काढून, कोणी न शिकवता करावे लागेल.

याच कारणाने तुमच्या एटीकेटीकडेही मी वेगळ्या नजरेने पाहतो. कॅल्क्युलसचा राहिलेला पेपर हे तुम्ही दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाव्यतिरिक्तचे ओझे समजत आहात. प्रत्यक्षात संकलनाची जी तंत्रे त्या पेपरात आहेत, तीच तिसऱ्या सत्रातील संभाव्यता वितरणांना लागणार आहेत. तेव्हा तो अभ्यास पुढे ढकलण्याऐवजी आत्ता मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात करावा. विषम सत्राचे राहिलेले पेपर विषम सत्राच्या परीक्षेबरोबरच येतात. म्हणजे तिसऱ्या सत्राचे पेपर आणि हा पेपर एकाच हंगामात द्यावे लागतील. परीक्षेच्या आठवड्यात नव्याने शिकायला वेळ नसतो, तेव्हा फक्त उजळणी करायची, या बेताने चालावे.

आता वेळेचा हिशेब. एक क्रेडिट म्हणजे व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. सत्र साधारण १५ आठवड्यांचे धरले, तर व्याख्यानाचे एक क्रेडिट आठवड्याला एक तास घेते आणि प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट दोन तास घेते. दुसऱ्या वर्षी प्रत्येक सत्राला २२ क्रेडिट असतात. त्यांत मेजरचे ८, मायनरचे ४ आणि उरलेले ओपन इलेक्टिव्ह, भाषा, कौशल्य, क्षेत्रप्रकल्प, सहअभ्यासक्रम अशा दोन-दोन क्रेडिटच्या तुकड्यांत वाटलेले असतात. समजा त्यांतील १४ क्रेडिट व्याख्यानांची आणि ८ प्रात्यक्षिक व प्रकल्प स्वरूपाची धरली, तर १४ आणि १६ मिळून आठवड्याला ३० तास होतात. हे तास साठ मिनिटांचे आहेत. ज्या महाविद्यालयात तासिका ४८ मिनिटांची असते, तिथे १५ तास भरायला १९ तासिका घ्याव्या लागतात, म्हणून छापील वेळापत्रक नेहमीच अधिक गच्च दिसते. विद्यार्थी ते पाहूनच घाबरतात, असा माझा अनुभव आहे.

ओपन इलेक्टिव्ह मात्र दोनच क्रेडिटचे असते, म्हणजे आठवड्याला दोन तास. तुमच्या प्रश्नात सकाळची अडचण रोजची वाटते, पण तुम्हीच दिलेल्या माहितीनुसार ती केवळ सोमवार आणि मंगळवार या दोन सकाळींपुरती आहे.

हा तास इतक्या सकाळी का असतो, हेही सांगतो, कारण तो बदलून मिळावा म्हणून दर वर्षी अर्ज येतात. ओपन इलेक्टिव्ह स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचे घ्यावे लागते. एकाच वर्गात कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांची मुले बसतात आणि तिन्ही शाखांना एकाच वेळी मोकळी असलेली वेळ शोधावी लागते. विज्ञानाची दुपार प्रयोगशाळेत जाते, वाणिज्याचे तास सकाळी असतात, कलेचे वर्ग खोल्या मिळतील तसे विखुरलेले असतात. उरते ती दिवसाची पहिली तासिका. एका विद्यार्थ्यासाठी ती हलवायची म्हटले, तर तीन शाखांची वेळापत्रके उसवावी लागतात. तेव्हा त्या अर्जात वेळ घालवू नये.

प्रात्यक्षिकाची बॅच बदलून मिळणे मात्र शक्य असते. तुम्ही ‘ब’ऐवजी ‘अ’ बॅच मागावी, असे मी सुचवेन. सोमवार आणि मंगळवार या दोन दिवशी सकाळी लवकर यावेच लागणार आहे. त्याच दोन दिवशी दुपारची प्रात्यक्षिके उरकली, तर हे दोन दिवस लांबलचक होतील, पण बुधवारपासून पुढे संकलन आटोपून निघता येईल आणि दुपारी घरी परतता येईल. ‘ब’मध्ये राहिलात तर दोन दिवशी सकाळ जाईल, दोन दिवशी संध्याकाळ जाईल आणि सलग अभ्यासाला कोणताच दिवस उरणार नाही. बॅच बदलायची असेल, तर ‘अ’मधून ‘ब’मध्ये जायला तयार असलेला एक विद्यार्थी शोधून, दोघांच्या सह्यांचा अर्ज पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांकडे द्यावा. एकदा जर्नलवर पहिल्या प्रयोगाची सही झाली, की कोणताही विभाग बॅच बदलायला तयार होत नाही, आणि त्यांचे ते बरोबरच असते.

---

रंकाळा_स्टँड

मी यंदा याच विद्यापीठातून बी. एस्सी. पूर्ण केले आणि तीनही वर्षे राधानगरी रस्त्यावरून ये-जा केली, त्यामुळे सरांनी सांगितलेल्या गोष्टींत रस्त्याची बाजू जोडतो.

मित्रा, वेळापत्रक आखताना विषम आणि सम ही दोन सत्रे सारखी धरू नकोस. कागदावर दोन्ही पंधरा आठवड्यांची असली, तरी आपल्या भागात जून-जुलैपासून सुरू होणारे सत्र नेहमीच तोकडे पडते. आधी पाऊस, मग गणपती, त्यानंतर नवरात्र आणि दसरा, आणि दिवाळी येईपर्यंत परीक्षा तोंडावर आलेली असते. डिसेंबरपासूनचे सत्र त्या मानाने सलग मिळते. ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत, म्हणजे कौशल्याचा एखादा बाहेरचा वर्ग, वाचनालयाचे सभासदत्व घेऊन करायचा जादा अभ्यास, क्षेत्रप्रकल्पाचे लिखाण, त्या शक्यतो सम सत्राकडे ढकलाव्यात.

तुझ्या रस्त्याचे तर तुला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. एवढा मोठा पूर दर वर्षी येत नाही, पण तुझ्या वाटेवरचा बालिंग्याचा पूल वाहतुकीला बंद होण्यासाठी त्याची गरजही नसते. अशा वेळी पंचाईत अशी होते की, शहरातील महाविद्यालय सुरू असते, तास होतात, हजेरी लागते आणि आपण मात्र पलीकडे अडकलेले असतो. संपूर्ण जिल्ह्याला सुट्टी जाहीर झाली तर प्रश्न नाही. आपलाच रस्ता बंद असतो तेव्हा खरा प्रश्न येतो. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेच्या अर्जाच्या वेळी धावपळ होते. म्हणून ज्या दिवशी रस्ता बंद झाला, त्याच दिवशी वर्गशिक्षकांना संदेश पाठवावा आणि रस्ता सुरू झाल्यावर ग्रामपंचायतीच्या पत्रासह लेखी अर्ज देऊन त्याची पोच ठेवावी. ऑक्टोबरमध्ये तोंडी सांगितलेले कोणी मानत नाही.

पाणी ३५ फुटांच्या पुढे सरकू लागले, की मी जर्नल, कॅल्क्युलेटर आणि दोन दिवसांचे कपडे घेऊन शिवाजी पेठेत आत्याकडे मुक्कामाला येत असे. तुझे शहरात कोणी नातेवाईक असतील, तर जूनमध्येच त्यांच्या कानावर घालून ठेव.

सरांच्या एका सूचनेबाबत मात्र थोडे वेगळे सांगावेसे वाटते. सोमवार-मंगळवार सकाळी ७.४० पासून संध्याकाळी पाचपर्यंत सलग महाविद्यालयात राहणे बोलायला सोपे आहे. सकाळी सव्वासहाची गाडी धरायची म्हणजे पाचला उठणे आले, आणि संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकात दुपारी तीननंतर वारंवारता कोष्टकातील एक आकडा चुकला, की शेवटचे उत्तर जुळेपर्यंत बसावे लागते. ‘अ’ बॅच घेणारच असशील, तर त्या दोन दिवशी दुपारचा डबा बरोबर असू दे आणि मधल्या मोकळ्या तासिकेत ग्रंथालयात बसून त्या दिवसाच्या प्रयोगाचे सूत्र आणि कोष्टकाचा आराखडा आधीच लिहून काढ. मी तसे करू लागल्यापासून वेळेत बाहेर पडू लागलो.

ओपन इलेक्टिव्ह ऑनलाइन करण्याबद्दल आमच्या वर्गातील काहींचे चांगले अनुभव आहेत. तुला सकाळ सोडायची नसेल, तर तो मार्ग जरूर पाहा.

---

कुंभीकाठ (प्रश्नकर्ता)

दोघांचेही मनापासून आभार. गणित मायनर घेण्याचे आता नक्की करतो. एटीकेटीचा पेपर आणि संख्याशास्त्र यांचा असा थेट संबंध आहे, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. शिवाजी पेठेत नाही, पण फुलेवाडीला मावशी राहते, तिला सांगून ठेवतो.

‘स्वयम’बद्दल सरांचे मत ऐकायला आवडेल. आणि दोन सकाळींचाच प्रश्न असला, तरी संस्थेत दोन दिवस खाडा करून चालत नाही. दूध काही वार पाहून येत नाही. सचिवांना कसे सांगावे, हेच कळत नाही.

---

दहा_दिवसांचे_बिल

मी करवीर तालुक्यातील एका दूध संस्थेत सचिव आहे. महाविद्यालयाच्या क्रेडिटमधले मला फारसे कळत नाही, पण संस्थेच्या कामाचे वेळापत्रक कळते, म्हणून लिहितो.

बाळा, सचिवाकडे जाऊन “मला दोन दिवस सुट्टी हवी” असे म्हणू नकोस, कारण त्याला सकाळी सहाला माप, फॅट आणि पावती या तिन्ही ठिकाणी माणूस उभा लागतो आणि सुट्टी म्हटली की त्याच्या डोळ्यांसमोर रांग येते. त्याऐवजी कामाची अदलाबदल माग. प्रत्येक संस्थेत महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेच्या आसपास दहा दिवसांच्या बिलाचे काम अंगावर येते. उत्पादकांच्या खात्यावरचे लिटर आणि फॅट जुळवणे, पशुखाद्याची आणि उचलीची वजावट टाकणे, बँकेची यादी काढणे, ही कामे संध्याकाळी बसूनच करावी लागतात आणि त्याला संगणक येणारा माणूस मिळत नाही. संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलाला एक्सेलमध्ये हे काम जड जाऊ नये. सोमवारी आणि मंगळवारी सकाळी मी येणार नाही, त्या बदल्यात महिन्यातील तिन्ही बिले मी करून देतो, असे सांग. शिवाय त्या दोन सकाळींसाठी माणूस तूच सुचव. गावात अकरावी-बारावीची मुले असतात, त्यांतील एकाला मे महिन्यातच मशीनवर हात बसवून दे. पर्यायी माणूस घेऊन आलेल्या पोराला कोणताही सचिव नाही म्हणत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. बिलाच्या दिवशी घरी यायला रात्रीचे नऊ-साडेनऊ वाजतात. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात चाचणी असेल, तर सचिवांना चार दिवस आधी सांगून बिलाची जुळवाजुळव एक दिवस अलीकडे सुरू करावी.

---

तासिका_समिती

सचिव साहेबांनी जे सुचवले, ते आमच्या समितीत कोणालाही सुचले नसते. संस्थेचे काम आणि मेजर विषय एकमेकांना पूरक ठरू शकतात, हेही त्यातून दिसते. क्षेत्रप्रकल्पाची दोन क्रेडिट म्हणजे सुमारे ६० तासांचे काम असते. संस्थेच्या परवानगीने आणि उत्पादकांची नावे वगळून, ऋतूनुसार दुधाच्या फॅटमध्ये होणारा फरक हा विषय तुम्ही त्यासाठी मांडू शकता. गाय आणि म्हैस यांची आकडेवारी वेगळी ठेवा, म्हणजे निष्कर्षांत गोंधळ होणार नाही. आकडेवारी गोळा करण्यासाठी तुम्हाला वेगळा प्रवास करावा लागणार नाही, हा वेळेच्या दृष्टीने मोठा फायदा आहे.

आता ‘स्वयम’कडे वळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मंचावरून करता येतात, त्यामुळे तत्त्वतः तुमची कल्पना नियमात बसते. व्यवहारात अडचण येते ती दोन ठिकाणी. पहिली गोष्ट म्हणजे, मंचावरचा कोणताही अभ्यासक्रम आपल्या मनाने निवडून चालत नाही; तो क्रेडिटसाठी ग्राह्य आहे, असे आपल्या महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने सत्राच्या आधी मान्य केलेले असावे लागते आणि ते लेखी असावे लागते. दुसरी गोष्ट वेळेची. तिथली सत्रे जानेवारी आणि जुलै अशी चालतात, शेवटची परीक्षा ठरलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते आणि तिचा निकाल आपल्या सत्राच्या निकालानंतर लागू शकतो. तसे झाले, तर गुणपत्रकात त्या दोन क्रेडिटची जागा रिकामी दिसते. तुम्हाला एक एटीकेटी आधीच आहे, तिच्या जोडीला आणखी एक रिकामी जागा शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाच्या वेळी नको. म्हणून तिसऱ्या सत्रात वर्गातले ओपन इलेक्टिव्ह घ्यावे. चौथ्या सत्रात एटीकेटी सुटलेली असेल, मान्यताप्राप्त यादीही तुमच्या हातात असेल, तेव्हा हवे तर जानेवारीच्या फेरीत ऑनलाइन अभ्यासक्रम करावा. क्रेडिटच्या दृष्टीने आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम साधारणपणे दोन क्रेडिटचा धरतात. बारा आठवड्यांचा घेऊन उगाच जास्तीचे काम ओढवून घेऊ नये.

ओपन इलेक्टिव्हमध्ये काय घ्यावे, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. मुले ज्या विषयात गुण सैल मिळतात तो शोधत फिरतात. वाणिज्य शाखेकडून हिशेबशास्त्राची किंवा सहकाराची तोंडओळख मिळत असेल, तर तुमच्यासाठी ती अधिक उपयोगाची आहे, कारण त्यातील निम्म्या गोष्टी तुम्ही दर दहा दिवसांनी संस्थेत हाताळणार आहात.

‘रंकाळा_स्टँड’ यांचा ‘अ’ बॅचवरचा आक्षेप रास्त आहे. दमणूक होणार, यात शंका नाही. तरीही मी माझे मत बदलत नाही, आणि त्याचे कारण पावसाळ्यातच आहे. सकाळ आणि दुपार दोन्ही सोमवार-मंगळवारी असतील, तर पाऊस वाढेल तेव्हा रविवारी रात्रीच फुलेवाडीला मुक्कामाला येऊन मंगळवारी संध्याकाळी घरी परतता येईल आणि आठवड्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग पदरात पडेल. तास चुकला तर टिपणे मिळतात. चुकलेले प्रात्यक्षिक भरून काढायला शिक्षकांची, प्रयोगशाळेची आणि दुसऱ्या बॅचची अशा तिघांची सोय पाहावी लागते.

---

विदागार

मी येथूनच संख्याशास्त्र घेऊन पदवी घेतली आणि सध्या पुण्यात विदा (डेटा) विश्लेषणाचे काम करतो. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहिली आहे. पाचव्या-सहाव्या सत्राकडे आत्तापासून पाहावे. सहाव्या सत्रात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची, म्हणजे ओजेटीची, ४ क्रेडिट असतात आणि त्यासाठी १२० तास एखाद्या आस्थापनेत काढावे लागतात. एम. एस्सी.साठी आयआयटीच्या जॅम परीक्षेतील गणितीय संख्याशास्त्राचा पेपर द्यायचा असेल, तर ती परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे नेमक्या त्याच सत्रात येते. ओपन इलेक्टिव्ह पहिल्या दोन वर्षांतच संपत असल्याने तिथे थोडी सवलत मिळते, पण तीही एखादा पेपर मागे राहिला नसेल तरच उपयोगी पडते. आर किंवा पायथन यांपैकी एक संगणक भाषा चौथ्या सत्रानंतरच्या उन्हाळ्यात शिकून ठेवावी, म्हणजे ओजेटीच्या ठिकाणी पहिले तीन आठवडे नुसते बघण्यात जाणार नाहीत. जिल्ह्यात साखर कारखाने, सूतगिरण्या, फौंड्री, सहकारी बँका आहेत. गुणवत्ता नियंत्रणाचे तक्ते बनवून देणारा विद्यार्थी त्यांतील अनेकांना हवा असतो. विचारणा पाचव्या सत्राच्या दिवाळीत करावी, जानेवारीत केली तर जागा भरलेल्या असतात.

---

तासिका_समिती

हे महत्त्वाचे आहे आणि चौथ्या वर्षाच्या प्रश्नाशी जोडलेलेही आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांचे एम. एस्सी. करणे किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी घेऊन एक वर्षाचे एम. एस्सी. करणे, असे दोन मार्ग आहेत. एकूण वर्षे दोन्हीकडे पाचच भरतात. चौथे वर्ष संशोधनासह करायचे असेल, तर आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुण लागतात. तो निर्णय आत्ता घेण्याची आवश्यकता नाही, पण तो दरवाजा उघडा ठेवायचा असेल, तर तिसऱ्या आणि चौथ्या सत्राचे गुण खाली येऊ देऊ नयेत. माझ्या मते तुमच्यासारख्या, ये-जा करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याने तीन वर्षांनंतर थेट विद्यापीठाच्या विभागात जाणे अधिक हिताचे. तिथे वसतिगृह आहे, बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय हाकेच्या अंतरावर आहे आणि ‘कमवा आणि शिका’ योजनाही आहे. चौथे वर्ष पुन्हा याच गाडीने, याच वेळापत्रकाने काढण्यापेक्षा ते बरे.

---

कुंभीकाठ (प्रश्नकर्ता)

आज सकाळी संकलन संपल्यावर सचिवांशी बोललो. तिन्ही बिलांच्या बदल्यात सोमवार-मंगळवारची सूट द्यायला ते तयार झाले आहेत, मात्र पर्यायी मुलाला मशीन कॅलिब्रेट करणेही शिकवावे, अशी त्यांची अट आहे. चुलतभाऊ बारावीत जाणार आहे, त्याला उद्यापासून बरोबर नेतो. ‘अ’ बॅचमधील एका मित्राला शनिवारी शेतीकामासाठी लवकर घरी जायचे असते आणि शुक्रवारी तो शहरातच मुक्कामी असतो, त्यामुळे तो ‘ब’मध्ये यायला राजी आहे. अर्ज लिहून ठेवला आहे, विभागप्रमुख सुट्टीवरून आले की देतो.

एक छोटी शंका राहिली आहे. चौथ्या सत्रात ‘स्वयम’ करायचे झाल्यास अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जिथे जमा होतात ते, खाते तेव्हा उघडले तर चालेल का?

---

तासिका_समिती

आत्ताच उघडावे, किंबहुना पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयाने ते उघडून घेतले असण्याचीच शक्यता अधिक आहे. डिजिलॉकरमध्ये जाऊन तपासून पाहा. खात्यावरचे नाव, बारावीच्या गुणपत्रकावरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षरशः एकच आहे ना, हे पाहणे अधिक गरजेचे आहे. आपल्याकडे गुणपत्रकावर आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी असते, काहींच्या वडिलांच्या नावापुढे एका ठिकाणी ‘राव’ असतो आणि दुसऱ्या ठिकाणी नसतो. एवढ्या फरकानेही क्रेडिट खात्यावर जमा व्हायचे अडते. दुरुस्ती करायची असेल, तर आधार केंद्रावर मे महिन्यातच जावे, जूनमध्ये तिथे प्रवेशाची गर्दी असते.